वर्ष आणि एक दिवस

स्टॅनक्लिफ लॉक, यॉर्कशर
१२ मार्च १९३१

प्रिय रूबेन,

ख्यालीखुशाली राहू दे. तुझा भाचा विल्फ तुरुंगात आहे आणि माझा नवरा स्वयंपाकघरात खाटेवर पडलाय. मानेखाली सगळं लुळं, वाचाही गेली आहे. डोळे तेवढे हलतात.

मागच्या आठवड्यात मंगळवारी, ३ तारखेला झालं. चहा गार होता, एवढंच कारण. सायलसने मला दारात धरून झोडपलं, मग कालव्याच्या कडेला जाऊन पाइप पेटवत उभा राहिला. विल्फ अवजारांच्या खोपटात गेला. पाव तास तिथे बसला. बाहेर आला तेव्हा हातात लॉकचे, कालव्याचं पाणी अडवणारे दरवाजे उघडायची लोखंडी दांडी होती. पाठमोऱ्या बापाच्या मानेत एकच घाव घातला आणि स्वतःच सायकलवर बसून सार्जंट ड्यूहर्स्टला सांगायला गेला. माझंच पोर, दुसरं काय करणार!

सार्जंट काल आला होता. टोपी काढून म्हणाला, "मिसेस गारसाइड, नवऱ्याला जपा. वर्ष आणि एक दिवस. त्याच्या आत गेला तर पोराच्या गळ्यात दोर पडेल." मी विचारलं, वर्षच का, दोन का नाहीत, सहा महिने का नाहीत? तर म्हणे कायदा आहे. कुठला कायदा, ते त्या खुळ्याला सांगता येईना.

तू वकिलाच्या कचेरीत कारकून आहेस, परीक्षेसाठी जाडजाड पुस्तकं वाचतोस. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. लॉकमधून जाणाऱ्या नावा दाखवून आकडे शिकवले. आता ते सगळं माझ्या कामी येऊ दे. हे खरं आहे का, आणि नेमकं किती दिवस, ते लिही.

तुझी,
हेस्टर


चॅन्सरी लेन, लंडन
१६ मार्च १९३१

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र कचेरीत वाचलं. विल्फ! उन्हाळ्यात बदकाचं पिल्लू शर्टात घालून फिरणारा आपला विल्फ!

सार्जंट म्हणाला ते खरं आहे. आपल्या देशाचा कायदा एका पुस्तकात नाही. थोडा पार्लमेंटने केलेला. बराचसा न्यायाधीशांचा: एकाने एका खटल्यात जे ठरवलं ते पुढच्याला पाळावं लागतं, असं करत शेकडो वर्षांची भिंत रचली गेली. आणि तिच्या तळाशी रिवाज, इतका जुना की सुरुवात कुणाला ठाऊक नाही. यासाठी एक सालही नेमलंय, ११८९. त्याच्या आधीपासून चालत आलेलं ते कायद्याच्या स्मरणापलीकडचं.

वर्ष आणि एक दिवस हा त्या जुन्या थरातला नियम. माणूस जखमेनंतर बऱ्याच काळाने गेला तर कशाने गेला हे सांगणारे डॉक्टर तेव्हा कुठे होते? म्हणून रेघ मारली. रेघेच्या आत मेला तर घाव घालणारा खुनी, बाहेर मेला तर नाही. आज डॉक्टर आहेत, पण रेघ पुसायला पार्लमेंटला सवड झालेली नाही. कृपा म्हण.

विल्फने तुला मार पडत असताना मारलं असतं तर बचाव होता. रागाच्या भरात मारलं असतं तरी कायदा थोडा नरमतो. पण सायलस पाठमोरा होता, आणि मधे तो पाव तास. तो पाव तास फार वाईट आहे, हेस्टर.

आता मोजणी. घावाचा दिवस पहिला धरायचा. तीनशे पासष्ट आणि एक, तीनशे सहासष्ट. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. शेवटचा दिवस २ मार्च १९३२. ती तारीख मावळली की विल्फची मान सुटली. तोवर सायलसला जगवायचं. तुला हे सांगताना लाज वाटते, पण दुसरी वाट नाही.

तुझा,
रूबेन


स्टॅनक्लिफ लॉक
९ एप्रिल १९३१

प्रिय रूबेन,

तुझ्या कायद्याला ११८९ पासूनचं सगळं आठवतं म्हणे. मग १९११ पासून या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते कसं नाही आठवत रे? माझी दोन बोटं वाकडी आहेत, ती कुठल्या थरात बसतात ते शोध जरा पुस्तकात.

असो. फळीच्या कपाटाच्या दाराला आतून खडूने रेघा मारते. आज अडतीस झाल्या. सकाळी मांसाचा रस चमच्याने, दुपारी अंडं फेटून दुधात, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडी सडते. कालवा कंपनीला नाव थांबलेली चालत नाही, म्हणून भोंगा वाजला की त्याला तसाच टाकून दरवाजे उघडायला धावते. घर लॉकच्या नोकरीचं आहे. नोकरी गेली तर त्याला ठेवू कुठे?

गावातल्या बाया म्हणतात, हेस्टर गारसाइडसारखी बायको व्हावी! चर्चमध्ये पाद्रीबुवांनी माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून बसले. हसू दाबत होते, देवा शप्पथ.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नाताळात तू म्हणाला होतास, एक विवेकाचं कोर्टही असतं, जिथे कायद्याच्या कडक अक्षराने अन्याय होतो तिथे ते मधे पडतं. विल्फला तिथे नेता येणार नाही का?

आणि दुसरं. नर्स पॉगसन आठवड्यातून दोनदा येते, तिचा हात जड आहे आणि नजर अधू. डॉ. मॅकॉलनी दुखण्यासाठी मॉर्फियाची बाटली दिली आहे, दहा थेंबांपेक्षा जास्त नाही. उद्या तिच्या हातून वीस पडले आणि हा गेला, तर तेही माझ्या पोराच्याच माथी का?

हेस्टर


लंडन
२० जून १९३१

प्रिय हेस्टर,

उत्तराला उशीर झाला, कारण निकाल लागेपर्यंत हात चालेना. तीन वर्षं सक्तमजुरी. जीव घ्यायच्या हेतूने केलेली जखम, असं ज्यूरीने म्हटलं. तू गॅलरीत एकदाही रडली नाहीस. विल्फ सारखा तुझ्याकडे बघत होता.

विवेकाचं कोर्ट खरंच आहे. पण ते जमिनीचं, वारशाचं, विश्वस्तांचं बघतं. पोरांच्या मानेचं नाही. हे लिहिताना माझंच मन मला खातं. परीक्षेत मी या विषयावर तीन पानं सुंदर उत्तर लिहिलं होतं.

नर्सचं विचारलंस. औषध देणाऱ्याच्या हातून साधी चूक झाली तर दोष बहुधा पहिल्या घावाचाच राहतो. म्हणून बाटली तुझ्या ताब्यात ठेव. घाव आणि मरण यांत एक साखळी असावी लागते. ती एकाच गोष्टीने नक्की तुटते: तिसऱ्या माणसाने शुद्धीत, जाणूनबुजून, स्वतःच्या हाताने मधे येऊन जीव घेतला तर. मग ते मरण त्याचं, पहिल्याचं नाही. पण तुझ्या घरात असं कोण करणार! तेव्हा ती काळजी सोड.

आमच्या कचेरीत निवाड्यांच्या खंडांनी भिंती भरल्या आहेत. प्रत्येक खटल्याचं नाव एकाच पद्धतीचं: राजा विरुद्ध अमुक, राजा विरुद्ध तमुक. पूर्वी मी ते पाठ करायचो. आता वाटतं, प्रत्येक नावामागे कुणीतरी स्वयंपाकघरात बसलं असेल.

रूबेन


स्टॅनक्लिफ लॉक
८ नोव्हेंबर १९३१

प्रिय रूबेन,

राजाला आमच्यासारख्यांशी काय वैर रे, सगळे खटले त्याच्याच नावाने? आमचं आडनाव तेवढं त्या खंडांत नको, एवढंच मागते.

पाच नोव्हेंबरचा शेकोटीचा सण झाला. आल्याचा केक केला आणि सवयीने तिघांसाठी कापला. विल्फला भेटून आले. वाळलाय. तुरुंगात गोण्या शिवायला देतात. "तो कसा आहे?" एवढंच विचारलं. बापाला 'तो' म्हणतो. मी म्हटलं, गुलाबी आहे, गुटगुटीत आहे, तुझ्यापेक्षा बरा जेवतो. पोर पहिल्यांदा हसलं.

सायलसची पाठ अजून फुटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, इस्पितळातसुद्धा इतकं निगुतीनं होत नाही. आठ महिने झाले, रोज त्याचं डोकं हातावर घेऊन रस भरवते. दया येते म्हणणार नाही. पण त्या डोक्याचं वजन आता माझ्या हाताला पाठ झालंय. परवा भरवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "गप," म्हटलं, "गिळ." आणि पुसलं. का पुसलं कुणास ठाऊक. एकोणीस वर्षांत त्याने माझे कधी पुसले नव्हते.

दोनशे एक्कावन्न रेघा झाल्या. कपाटाच्या दारावर जागा पुरेल.

हेस्टर


स्टॅनक्लिफ लॉक
१ मार्च १९३२

प्रिय रूबेन,

घाईत लिहिते. शनिवारपासून त्याच्या छातीत कफ दाटलाय, न्यूमोनिया. डॉ. मॅकॉलना वाटलं सोमवारीच आटपेल. मी म्हटलं, मी आटपू देणार नाही. किटलीची वाफ दिली, अळशीचं पोटीस बांधलं, ब्रँडी चमच्याने घातली, उशांना टेकून बसता ठेवला. झोपले नाही. आज दुपारी थोडा सावरला.

आजची रेघ मारली. तीनशे पासष्ट. आता उद्याची एकच उरली. काल एकोणतीस तारीख होती, तीसुद्धा काढली त्याने. उद्याचा दिवस ओढून नेते, रूबेन, माझ्या दातांनी ओढून नेते. मग परवा त्याचं त्याने बघावं. मी पहिल्यांदा सगळा चहा गरम पिईन.

हेस्टर


लंडन
२ मार्च १९३२, दुपार

हेस्टर,

हे आधी वाच. उद्याचा दिवस अजून आत आहे. उद्या, ३ मार्च. उद्याही त्याला जगवायला हवं. ४ तारीख उजाडली की मगच विल्फ सुटला.

चूक माझी. सकाळी एका भाडेकराराचं वर्ष कधी संपतं ते साहेबांनी विचारलं, मी दिवस मोजून सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मिस्टर लम, वर्ष मोजायचं नसतं, तारीख बघायची असते. कायद्याचं वर्ष तारखेपासून तारखेपर्यंत, मग त्यात दिवस कितीही असोत. लीप वर्षाचा जादा दिवस त्यातच गिळला जातो." मी पुन्हा कॅलेंडर काढलं. एकोणतीस फेब्रुवारीला मी एक दिवस धरला होता, हेस्टर. कायदा त्याला धरत नाही. वर्ष आज संपतं. तो जादाचा एक दिवस म्हणजे उद्या.

तार करणार होतो, पण तुझ्या गावची पोस्टमास्तरीण तार दारात येण्याआधी चौकात वाचते, आणि हे वाक्य सार्जंटच्या कानी गेलं तर? शेवटच्या टपालात टाकतो, सकाळी तुझ्या हातात पडेल. तोवर त्याला सोडू नकोस. अजून एक दिवस. माफ कर.

रूबेन


स्टॅनक्लिफ लॉक
३ मार्च १९३२, सकाळचे साडेदहा

प्रिय रूबेन,

तुझं पत्र आठच्या टपालाने आलं. सात वाजता डॉ. मॅकॉल येऊन गेले होते. नाडी धरली आणि म्हणाले, "मिसेस गारसाइड, आता कुणी काही करू शकणार नाही. दुपार गाठणार नाही तो. तुम्ही माणसाला शक्य ते सगळं केलंत." मी त्यांना चहा दिला. मनात म्हटलं, जाऊ दे, कालची रेघ मारून झाली आहे. त्याची वाफेची किटली उतरवून मी माझ्या चहाची ठेवली. आणि पायपुसण्यावर तुझं अक्षर दिसलं.

उभ्याने वाचलं. मग पुन्हा सगळं सुरू केलं. वाफ, ब्रँडी, पाठ चोळणं. नऊपर्यंत चोळली. नखं निळी झाली होती. तो आजच जाणार होता, रूबेन, आणि विल्फच्या घावाने जाणार होता.

तेव्हा तुझं जूनचं पत्र आठवलं. साखळी एकाच गोष्टीने तुटते.

सायलसला सगळं कळायचं, हे मी तुला कधी लिहिलं नाही. त्याच्याजवळ बसून सांगितलं, "आज तू तसाच गेलास तर विल्फ फासावर जाईल. म्हणून मी तुला देते आहे." त्याने डोळे मिटले आणि उघडले. ते हो होतं की नुसती पापणी, मला ठाऊक नाही. मी हो समजणार नाही. हो समजलं तर अर्धं त्याचं होईल, आणि हे सगळं माझंच असायला हवं.

डोकं हातावर घेतलं. बाटली नुकतीच भरून आणली होती. चमचा चमचा करून सगळी संपवली. एक थेंब सांडू दिला नाही. श्वास लांब लांब पडत गेले. सव्वादहाला थांबले. मी रडले, हे तुला सांगते आणि दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वर्षभर जगवलेलं माणूस होतं ते.

आता ऐक. तुझी तिन्ही पत्रं, पहिलं, जूनचं आणि कालचं, चुलीत घातली. कपाटाच्या दारावरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. तूही हे पत्र जाळ. मी का केलं, ते कळलं तर कुणी हुशार वकील म्हणेल, मरणाऱ्याला पोरासाठी ढकललं, मारलं पोरानेच. म्हणून मी सांगणार, द्वेषाने केलं. एकोणीस वर्षांचा मार ठाऊक आहे सगळ्या गावाला. कुणी शंका घेणार नाही.

तुरुंगातली पत्रं साहेब लोक वाचतात. यापुढे मी लिहीन ते तसं समजून वाच, आणि तूही तोलून लिही.

आता कोट घालते. हे पेटीत टाकून तशीच सार्जंट ड्यूहर्स्टकडे जाते. पोराने सायकलवरून केलेली वाट मी चालत करते.

हेस्टर


लंडन
६ मे १९३२

प्रिय हेस्टर,

तुरुंगात पांघरूण पुरेसं आहे का? लोकरीचे मोजे पाठवलेत.

मी तिन्ही दिवस कोर्टात होतो. डॉ. मॅकॉल शपथेवर म्हणाले, तो तासा-दोन तासांचाच सोबती होता. तर न्यायाधीश म्हणाले, ज्याने एक तास हिरावला त्यानेही जीवच घेतला, आणि ज्याने हिरावला ते मरण त्याचंच. अशी वस्तुस्थिती असलेला खटला आधी झालेला नाही, असंही म्हणाले. ज्यूरी वीस मिनिटांत परतली. दोषी, म्हणजे फाशी. दयेची शिफारस केली नाही. "मला त्याचा द्वेष होता आणि संधी मिळाली," असं तू म्हटल्यावर कोण करणार? वर्षभराची तुझी सेवा सरकारी वकिलाने ढोंग ठरवली, आणि तू मान डोलावलीस!

काल सरकारी वकिलाच्या कचेरीचं पत्र आलं. विल्फवर नवा आरोप होणार नाही. शिक्षेतली सूट धरून पुढच्या वर्षी तो सुटेल.

हेस्टर, गृहमंत्र्यांकडे दयेचा अर्ज करायला अजून दिवस आहेत. मी तो लिहून ठेवलाय. तुझ्या स्वभावाबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं त्यात लिहिलंय. ते वाचून कुणीही दगड असला तरी पाघळेल. तू फक्त हो म्हण. मला जेवण जात नाही. कचेरीत खंडांच्या भिंतीकडे पाठ करून बसतो. एक शब्द लिही, हेस्टर. हो.

रूबेन


तुरुंग
१० मे १९३२

प्रिय रूबेन,

मोजे मिळाले. उबदार आहेत. इथल्या बाया चांगल्या आहेत, एक तर आपल्याकडच्या हडर्सफील्डची निघाली, आमचं कालव्याचं बोलणं चालतं. चहा गरम मिळतो.

तुझा अर्ज फाड. तुकडे करून चुलीत घाल आणि पूर्ण जळेपर्यंत तिथे उभा रहा. माझ्या स्वभावाबद्दल तुला काय ठाऊक आहे ते कुणालाही कळायची गरज नाही. कोर्टात मी जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. द्वेष होताच. एकोणीस वर्षांचा साठा होता, थोडा अजून उरलाय.

विल्फला काही समजावायला जाऊ नकोस. माझ्यावर चिडलाय, "त्याला मारायचंच होतं तर वर्षभर मला का तडफडवलंस" असं त्याने लिहून पाठवलं. चिडू दे. चिडलेलं पोर जेवतं, झोपतं, पुढे लग्न करतं. त्याला माझ्यासाठी रडू यायला लागलं तर गोण्या शिवायच्या सुईने तो स्वतःचं काय करील, ते मला ठाऊक आहे. म्हणून तूही माझ्यावर चिड. तुला जमेल, लहानपणी खूप सराव केलास.

लॉकवर नवा माणूस आला असेल. त्याला कळव, खालचा दरवाजा डावीकडे अडतो, हाताने जोर लावून उपयोग नाही, पाठ लावावी लागते.

तर शेवटी आमचं नाव आलंच ना तुझ्या खंडांत! राजा विरुद्ध गारसाइड. न्यायाधीश म्हणाले, असं आधी झालं नव्हतं. म्हणजे पुढे कुठल्या आईचं पोर अडकलं तर एखादा कारकून फळीवरून मला खाली काढील. धूळ पुसत जा अधूनमधून.

येत्या मंगळवारी सकाळी नऊला आहे. लंडन सोडून इथे दारात उभा राहायला येऊ नकोस. कामावर जा.

आणि तारखांचं मनाला लावून घेऊ नकोस, रूबेन. तुझा आकडा एकाने चुकायचाच, नावा मोजतानासुद्धा पहिली विसरायचास. मोजायला तुला मीच शिकवलं होतं.

हेस्टर